उत्तर इटलींतील नऊ दिवस

इटलीहून परत आलेल्या मनुष्यास लोक प्रथम विचारतात, "रोम पाहिलें काय? व्हेनिसच्या नावेंत बसलांत काय?" आम्हीं यांपैकीं कांहींच केलें नाहीं. आम्ही गेलों होतों तें देश पाहावयास नव्हे, तर स्नेह्यांच्या घरीं. आणि खरें सांगावयाचें तर समाचाराला. मे महिन्याच्या सुटींतील अवघे नऊ दिवस, त्यांतील दोन विमानांत गेले. तेवढ्यांत जें पाहावयास मिळालें तें कोल्हापूरच्या वाचकांस व्हेनिसपेक्षां अधिक जवळचें वाटेल, अशा समजुतीनें हे चार शब्द वार्षिकासाठीं लिहीत आहों.

आमचे हे स्नेही याच शाळेंत, आमच्याच वर्गांत शिकलेले. त्यांचे वडील शिवाजी उद्यमनगरांत लेथ चालवीत. मुलगा त्या लेथच्या घरघरींत वाढला, अभियंता झाला आणि नोकरीनिमित्त उत्तर इटलींतील बोलोन्या शहरीं जाऊन राहिला. औषधाच्या गोळ्या, चहाच्या पुड्या, साबणाच्या वड्या आपोआप गुंडाळून खोक्यांत भरणारीं यंत्रें ज्या शहरांत तयार होतात त्यांत बोलोन्या अग्रगण्य आहे. तेव्हां उद्यमनगरच्या मुलानें तेथें जावें यांत नवल नाहीं. वडिलांस आम्ही लहानपणापासून काका म्हणत आलों व आईस काकू. काकांनीं काम सोडल्यावर मुलानें दोघांसहि तिकडे नेलें. गेल्या जानेवारींत काका तेथेंच वारले. कोल्हापुरांत असते तर आम्हीं खांदा दिला असता, तिसऱ्या दिवशीं रक्षाविसर्जनास गेलों असतों. येथें बसून दूरध्वनीवर चार शब्द बोलण्यापलीकडे कांहीं करतां आलें नाहीं. सुटी लागतांच आम्ही उभयतां निघालों तें एवढ्यासाठीं.

मिलान येथें विमानांतून उतरून आगगाडीनें बोलोन्यास गेलों. जलद गाडीनें हा प्रवास तासाभराचा. खिडकीबाहेर डोंगर दिसेल म्हणून पाहत बसलों, पण डोंगर नाहीं. पो नदीनें व तिला मिळणाऱ्या नद्यांनीं गाळ आणून हें मैदान भरलें आहे. त्याची सपाटी पाहून आम्हां सह्याद्रीच्या कुशींतल्या माणसांस प्रथम चुकल्याचुकल्यासारखें वाटलें. गहू पिवळा होऊं लागलेला, मका गुडघ्याएवढा, आणि मधूनमधून पॉप्लर वृक्षांच्या सरळ रांगा. गोठे दिसतात, गाई फारशा दिसत नाहींत, कारण त्या बहुधा आंतच बांधलेल्या असतात. या गोठ्यांतून काम करणारे पुष्कळ लोक पंजाबांतून आलेले आहेत. नोव्हेल्लारा नांवाच्या गांवीं त्यांचा गुरुद्वारा २००० सालीं उघडला. ज्या पार्मिजानो चीजचा जगभर लौकिक आहे, त्याच्या सुमारे ४० किलो वजनाच्या एका चाकास ५०० लिटरांहून अधिक दूध लागतें, व तें कमींत कमी बारा महिने मुरत ठेवावें लागतें. हें ऐकून कोल्हापूरकरानें मनांतल्या मनांत दुधाच्या दराचा हिशेब मांडावा हें साहजिक आहे, आम्हींहि मांडला.

बोलोन्याविषयीं एकच गोष्ट सांगतों. तेथें रस्त्याच्या कडेनें घरांच्या खालच्या मजल्यांस कमानींच्या ओसऱ्या आहेत. शहरांतल्या व वेशीबाहेरच्या मिळून त्यांची लांबी ६२ किलोमीटर भरते, आणि २०२१ सालीं युनेस्कोनें त्यांची गणना जागतिक वारशांत केली. येथील विद्यापीठाचा आरंभ १०८८ सालचा मानितात. बाहेरगांवच्या विद्यार्थ्यांस व कारागिरांस राहावयास जागा हवी म्हणून लोकांनीं वरचे मजले रस्त्यावर पुढें काढले, त्यांस आधार म्हणून खालीं खांब आले, आणि पुढें तीच शहराची शोभा झाली असें सांगतात. धो धो पावसांत छत्रीवांचून बाजार करतां येतो, हा त्यांतला खरा लाभ. आमच्या महाद्वार रोडला असें कांहीं असतें तर!

स्नेह्यांचें बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावर. काकू आंतल्या खोलींत खिडकीशीं बसल्या होत्या. आम्ही पाया पडलों तेव्हां त्यांनीं आमच्या तोंडावरून हात फिरविला आणि रडण्याऐवजीं म्हणाल्या, "अगोदर जेवून घ्या. लांबून आलाय." वहिनींनीं कोल्हापूरहून नेलेल्या कांदालसणीच्या चटणीचा राखून ठेवलेला डबा त्या दिवशीं फोडला होता. रश्श्याचा रंग उद्यमनगरांतल्या घरीं होता तसाच होता. पाटावर काका मात्र नव्हते.

रात्रीं काकूंनीं बोलावयास आरंभ केला. काका गेले तेव्हां दाखले मिळण्यांत व दहनगृहाची पाळी येण्यांत सहा दिवस गेले. ते सहा दिवस देह शीतगृहांत होता. मग पेटी बंद झाली, दार बंद झालें. मुलाच्या हातून अग्नि नाहीं, कारण तेथें ती रीत नाहीं. पुढें एक मोहोरबंद कलश हातीं आला. कोल्हापुरास यावयाचें तर मुलाला दिवाळीपर्यंत रजा नाहीं, आणि कलश मुलानें स्वतःच न्यावा असा काकूंचा हट्ट. म्हणून तो भिंतींतल्या कपाटांत, काकांच्या टोपीशेजारीं, ठेवलेला होता. दहाव्याला पिंड मांडावयास घाट नाहीं, शिवावयास कावळा नाहीं. काकूंनीं हें सर्व बाजाराचा हिशेब सांगावा तसें सांगितलें आणि शेवटीं म्हणाल्या, "आमच्या सात पिढ्यांत असं परमुलखात कुणी जळलं नाही. त्यांचा जीव वाट चुकला असंल." स्नेही मान खालीं घालून बसले होते. वडिलांस इकडे आणलें तें सुखासाठीं, आणि त्याचेंच हें फळ आलें, असें त्यांच्या मनानें घेतलें होतें. चार महिन्यांत मायलेकांचें या विषयावर सरळ बोलणें झालेलें नव्हतें, हें वहिनींनीं आम्हांस मागाहून सांगितलें.

आम्ही ख्रिस्ती, आमचीं माणसें मातीच्या स्वाधीन होतात. दहनाच्या बाबतींत काकूंस कांहीं सांगण्याचा आम्हांस अधिकार नव्हता. तरी या देशांत दहनाची कथा कशी घडली हें जाणण्यासारखें आहे. इंग्रज कवि शेली समुद्रांत बुडून मेला, तेव्हां १८२२ सालीं त्याचा देह व्हियारेज्जो येथील वाळवंटांत जाळला; पण तो साथीच्या रोगांविषयींच्या कायद्यामुळें, आवडीनें नव्हे. पुढें मिलानच्या आल्बेर्तो केल्लर नांवाच्या धनिकानें आपला देह जाळावा अशी इच्छा लिहून ठेविली व त्यासाठीं पैसाहि ठेविला. तो १८७४ सालीं वारला; देह जपून ठेवावा लागला, आणि दहनगृह बांधून झाल्यावर २२ जानेवारी १८७६ रोजीं त्याची इच्छा पुरी झाली. १८८६ सालीं रोमन धर्मपीठानें दहनास बंदी केली, ती १९६३ सालीं सैल झाली. म्हणजे काकांना ज्या सहा दिवसांची वाट पाहावी लागली, ती केल्लरला दोन वर्षें पाहावी लागली होती. परंतु अशा माहितीनें काकूंचें समाधान होण्यासारखें नव्हतें, आणि ती आम्हीं त्यांस सांगितलीहि नाहीं.

दुसरे दिवशीं रविवार होता. स्नेह्यांनीं आम्हांस मोटारींतून फोर्लीकडे नेलें. काकू आल्या नाहींत. जानेवारीपासून त्यांनीं घराचा उंबरा ओलांडला नव्हता. वाट व्हिया एमिलिया या रोमन रस्त्याची. ख्रिस्तपूर्व १८७ मध्यें एमिलियस लेपिडस नांवाच्या कॉन्सलनें पियाचेन्झापासून रिमिनीपर्यंत हा रस्ता आंखला. त्याचें नांव या सबंध प्रांतास मिळालें, आणि आज बावीसशें वर्षांनंतरहि तो रहदारीस आहे. रस्ते टिकविण्याच्या कलेंत रोमन लोकांनीं कांहीं मंत्र वापरला असावा. तो आपल्याकडे अद्याप पोंचलेला दिसत नाहीं.

वाटेंत डावीकडे वळून आम्ही लुगो गांवाजवळ सेन्यो नदीपाशीं थांबलों. नदी म्हणावयाची इतकेंच. पात्र आपल्या एखाद्या ओढ्याएवढें. पण पुराच्या भयानें तिच्या दोहों कांठांवर मातीचे उंच बांध घातलेले आहेत, आणि १९४५ च्या वसंतांत त्या बांधांतच जर्मन सैन्यानें मोर्चे बांधले होते. ९ एप्रिल १९४५ च्या रात्रीं आठव्या भारतीय डिव्हिजनला ही नदी ओलांडावयाची होती. पांचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या पलटणींत नामदेव जाधव नांवाचा शिपाई होता; अहमदनगर जिल्ह्यांतल्या निमज गांवचा. आघाडीचे बहुतेक सोबती पडले. नामदेवनें एका जखमी साथीदारास उचलून पाण्यांतून, उभ्या बांधावरून, सुरुंग पेरलेल्या पट्ट्यांतून मागें पोंचविलें. परत जाऊन दुसऱ्यास आणलें. मग एकट्यानें यंत्रबंदुकींच्या तीन चौक्या बंद पाडल्या. हाताला गोळी लागून बंदूक धरवेना, तेव्हां हातबाँब फेंकले. शेवटीं तो बांधाच्या माथ्यावर उभा राहिला, मराठ्यांची रणगर्जना केली आणि मागच्या तुकड्यांस हात करून वर बोलाविलें. त्यास व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला; तो जगला, घरीं परतला आणि १९८४ सालीं वारला. आम्ही उभे होतों तेथें त्या दुपारीं एक म्हातारा बांधावरचें गवत कापीत होता. स्नेह्यांनीं त्यास आम्ही मराठे आहों असें इटालियन भाषेंत सांगितलें. त्यानें टोपी काढली. त्यास कितपत कळलें तें देव जाणे.

फोर्ली येथें भारतीय सैनिकांची दफनभूमि आहे. दुसऱ्या महायुद्धांत सुमारे ५०,००० भारतीय सैनिक इटलींत लढले, त्यांतले ५,७०० हून अधिक परत आले नाहींत. फोर्लीच्या त्या आवारांत ५०० च्या आसपास कबरी आहेत, मुख्यतः मुसलमान शिपायांच्या. परंतु मध्यें एक निराळें स्मारक आहे, तें दहन झालेल्यांचें. हिंदु व शीख सैनिकांचे देह त्यांच्या धर्माप्रमाणें येथेंच, इटलीच्या भूमींत, जाळले. त्यांपैकीं ७५० हून अधिकांचीं नांवें या स्मारकावर आहेत. अशींच आणखी दोन स्मारकें रिमिनी व सांग्रो नदीकांठीं आहेत. आम्ही मराठा लाइट इन्फंट्रीच्या नांवांपाशीं थांबलों. हजेरीपटावर रोज वाचतों तींच आडनांवें रोमन लिपींत, दगडांत. गवत बारीक कापलेलें होतें, गुलाबांस पाणी घातलेलें होतें. कोणीतरी हें रोज करतें. ज्या बायकांनीं या माणसांची वाट पाहिली त्यांतल्या बहुतेकींनीं ही जागा कधीं पाहिली नसेल. स्नेही एकेक नांव मोठ्यानें वाचूं लागले, आणि थोड्या वेळानें त्यांचा आवाज थांबला. गांवांत परत येऊन आम्हीं पियादीना खाल्ली. ती आपल्या चपातीची सख्खी बहीण. तव्यावर भाजतात व आंत पालेभाजी किंवा चीज घालतात.

सायंकाळीं काकूंस सर्व सांगितलें. त्या ऐकत होत्या, मग एकदम म्हणाल्या, "त्या पोरांचं दहावं कुणी केलं?" याचें उत्तर कोणापाशींच नव्हतें. तेव्हां स्नेही म्हणाले, "आई, आपले राजेसुद्धां इथंच जळले." काकूंनीं वळून पाहिलें. "कुठले राजे?" "राजाराम महाराज. फ्लोरेन्सला." "अरे, ते जिंजीचे. ते सिंहगडावर गेले."

येथें वाचकांनाहि थोडें सांगावें लागेल, कारण कोल्हापुरांत राजाराम नांव इतकें सर्वत्र आहे कीं कोणता राजाराम हें बहुतेकांस ठाऊक नसतें. शिवछत्रपतींचे पुत्र राजाराम १७०० सालीं सिंहगडावर निवर्तले. काकूंचें म्हणणें त्यांच्यापुरतें खरें. हे राजाराम महाराज निराळे. ते १८५० सालीं पाटणकर घराण्यांत जन्मले, १८६६ सालीं दत्तक येऊन करवीरच्या गादीवर बसले. १८८० सालीं सुरू झालेल्या राजाराम कॉलेजला नांव आहे तें यांचेंच. इंग्रजी उत्तम, वाचनाची आवड मोठी. समुद्र ओलांडणें धर्मबाह्य मानीत त्या काळांत, मे १८७० मध्यें, ते आपल्या लोकांसह व कॅप्टन वेस्ट यांच्या सोबत मुंबईहून विलायतेस निघाले. तेथें राणी व्हिक्टोरियाची भेट झाली, विद्यापीठें पाहिलीं, पार्लमेंट पाहिलें. ते रोजनिशी इंग्रजींत लिहीत; वेस्ट यांनीं ती १८७२ सालीं लंडनांत छापून प्रसिद्ध केली. परततांना फ्रान्स व प्रशिया यांचें युद्ध पेटलेलें असल्यामुळें ते जर्मनी व ऑस्ट्रियाच्या वाटेनें इटलींत उतरले. वाटेंत प्रकृति बिघडत गेली, आणि त्या वेळीं इटलीची राजधानी असलेल्या फ्लोरेन्स शहरीं ३० नोव्हेंबर १८७० रोजीं, आर्नो नदीच्या कांठच्या एका हॉटेलांत, त्यांचा अंत झाला. वय वीस वर्षें. त्या देशांत प्रेत जाळण्यास मनाई. फ्लोरेन्सच्या अधिकाऱ्यांनीं खास परवानगी दिली, आणि त्याच रात्रीं, उत्तररात्रीच्या सुमारास, शहराबाहेर जेथें मुन्योने नांवाची लहान नदी आर्नोस मिळते त्या संगमावर, त्यांच्या बरोबरच्या लोकांनीं हिंदु विधीप्रमाणें त्यांस अग्नि दिला. मिलानच्या केल्लरचें दहन झालें तें याच्या पांच वर्षें नंतर.

काकूंनीं हें सर्व दोनदां सांगावयास लावलें. मग म्हणाल्या, "बाळा, मला दाव ती जागा."

फ्लोरेन्स तसें मध्य इटलींत मोडतें, परंतु बोलोन्याहून तेथें जाण्यास जलद गाडीस चाळीस मिनिटेंहि लागत नाहींत. मध्यें अपेनाइन पर्वत आहे; तो आम्हांस दिसला नाहीं, कारण वाट बहुतेक बोगद्यांतूनच जाते. फ्लोरेन्सचीं चित्रालयें, घुमट, पूल यांचें वर्णन इतक्यांनीं केलें आहे कीं आम्हीं तें न केल्यानें कोणाचें अडणार नाहीं. शिवाय आम्हीं त्यांतलें फारसें पाहिलेंच नाहीं. स्थानकावरून भाड्याची मोटार करून आम्ही पांचहि जण थेट कास्चीने नांवाच्या उपवनाकडे गेलों. हें उपवन आर्नोच्या कांठानें साडेतीन किलोमीटर लांब पसरलेलें आहे. त्याच्या अगदीं शेवटच्या टोंकास, झाडी विरळ होते तेथें, ती छत्री उभी आहे.

छत्री आपल्याकडील छत्र्यांसारखीच; खांब, कमानी, वर घुमट. तिच्याखालीं महाराजांचा अर्धपुतळा, चार्ल्स फुलर या इंग्रज मूर्तिकारानें घडविलेला, रंग दिलेला. डोक्यावर पागोटें, अंगावर दागिने. छत्रीचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. हेच मँट पुढें आपल्या नव्या राजवाड्याचे शिल्पकार झाले. तो १८८४ सालीं पुरा झाला, त्याच्या आधींच मँट वारले होते. १८७४ सालीं छत्री पूर्ण झाली. भोंवतीं लोखंडी कठडा आहे. चेहरा मात्र मुलाचा आहे. अकरावीच्या वर्गांतल्या मुलांहून दोन-तीन वर्षांनीं मोठा, एवढाच. आम्हांस पुतळ्यांतील राजेपणापेक्षां तेंच अधिक जाणवलें. महाराज परत आले असते तर पुढचा दत्तक आणि त्याच्यामागून १८८४ सालीं दत्तक येऊन गादीवर आलेले शाहू छत्रपती, ही मालिका घडलीच नसती; कोल्हापूरचा इतिहास निराळाच झाला असता. पण हा विचार तेथें फार वेळ टिकत नाहीं.

जवळच नदीवरून एक मोठा पूल गेला आहे, १९७८ सालीं पुरा झालेला, तारांनीं तोललेला. त्याचें नांव इंदियानो पूल. फ्लोरेन्सचे लोक या सबंध भागास इंदियानो म्हणतात, म्हणजे 'हिंदी गृहस्थ'. त्या पुलावरून रोज जाणाऱ्या सहस्रावधि लोकांस कोल्हापूर कोठें आहे हें ठाऊक नसेल; तरी कामावर जातांना ते आमच्या राजाचें नांव घेतात.

काकू कठड्याजवळ उभ्या राहिल्या, पदर डोक्यावर घेतला, नमस्कार केला. मग "संगम कुठं?" म्हणाल्या. पन्नास-शंभर पावलांवर होता. मुन्योनेचें पाणी थोडें, आर्नोचें गढूळ हिरवें. कांठाची माती पाहून काकू म्हणाल्या, "प्रयागासारखंच हाय." कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीच्या संगमाचें त्यांस स्मरण झालें. त्यांनीं पिशवींतून डबा काढला. त्यांत पहाटे उठून केलेला दहींभात होता. आम्हांपैकीं कोणास त्यांनीं हें सांगितलें नव्हतें. त्यांनीं झाडाच्या पानावर एक मूद ठेवली आणि त्या दूर होऊन बसल्या. इटलींत कावळे आहेत, परंतु ते आपल्यासारखे नव्हेत. डोकें व पंख काळे, अंग राखेच्या रंगाचें. असे दोन तेथें होते. पाव तास झाला असेल. एक उड्या मारीत आला, मान वांकडी करून पाहिलें, आणि घांस घेऊन गेला. तो काकांसाठीं आला कीं भातासाठीं याचा निर्णय करण्याच्या भरीस आम्ही पडलों नाहीं. आमच्या धर्मानें कावळ्यास हें काम दिलेलें नाहीं. परंतु स्नेह्यांनीं आईकडे पाहिलें आणि आईनें त्यांच्याकडे, हें आम्हीं पाहिलें. काकू एवढेंच म्हणाल्या, "इथला कावळा जरा पांढरा हाय."

परत फिरतांना त्या छत्रीपाशीं पुन्हां थांबल्या. "राजाला कुणी पेटवलं म्हणालास? मुलगा नव्हता त्याला?" महाराजांस पुत्र नव्हता, बरोबरच्या लोकांनींच सर्व केलें, असें स्नेह्यांनीं सांगितलें. "आणि राख?" ती आर्नोच्याच पाण्यांत गेली. काकू चालतां चालतां वळिवड्याची गोष्ट सांगूं लागल्या. दुसऱ्या महायुद्धांत, १९४३ पासून १९४८ पर्यंत, वळिवडे येथें सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहत होते, स्त्रिया व मुलें अधिक. काकूंच्या आई तेथें भाजी विकावयास जात. त्या लोकांतले जे येथेंच वारले त्यांच्या कबरी कोल्हापुरांत आहेत. "आई म्हणायची, ती माणसं गेली निघून, पण मेलेली आपल्यापाशी ठेवून गेली. आता त्यांचं आपणच बघायचं." एवढें बोलून काकूंनीं विषय सोडला. गाडींत त्या झोपल्या. स्नेही म्हणाले, आई दिवसा झोपल्याचें चार महिन्यांत हें पहिल्यानें पाहिलें.

उरलेले दोन दिवस घरांतच गेले. वहिनींबरोबर बाजार झाला. मक्याच्या पिठाचा पोलेंता नांवाचा पदार्थ खाल्ला, तो आपल्या कण्यांच्या जवळचा, तिखट घातल्यास पुष्कळच बरा लागेल. निघण्याच्या आदल्या रात्रीं काकूंनीं कपाट उघडून कलश काढला आणि आमच्यापुढें ठेवला. मुलानें नेला पाहिजे हा हट्ट त्यांचाच; म्हणून स्नेही चकित होऊन पाहूं लागले. "राजालासुद्धां दुसऱ्यांनीच पोचवलं," त्या म्हणाल्या. "हे काय परके हायत?" टोपी मात्र त्यांनीं ठेवून घेतली. कागदांची अडचण नव्हती. मिलान येथील भारतीय वाणिज्य दूतावासाचा दाखला स्नेह्यांनीं जानेवारींतच करून ठेवला होता. त्यानें चार महिने तो खिशांत बाळगला होता असें त्या रात्रीं कळलें.

जूनच्या पहिल्या आठवड्यांत आम्ही प्रयाग चिखलीस गेलों. विधि स्नेह्यांच्या चुलतभावानें केला. आम्ही पायरीवर दूरध्वनि धरून उभे होतों. बोलोन्यांत सकाळ झाली होती आणि पडद्यावर काकू, स्नेही व वहिनी एका बाकावर बसून पाहत होत्या. पाऊस पडला नव्हता. पात्रांत दगड वर आलेले, कडेला जलपर्णी.

"पाणी किती हाय?" काकूंनीं विचारलें.

"गुडघाभर, काकू."

"वाहातंय का?"

"वाहातंय."

"मग झालं," काकू म्हणाल्या, आणि उठून आंत गेल्या. स्नेही मात्र शेवटपर्यंत पाहत राहिले.